मेंदूज्वर झालाय आणि शुगर ३१२, आधी डायबेटीस नव्हता. कुणी समजावून सांगेल का?

अक्कलकोट_रोड:
मंडळी, जरा अर्जंट आहे, लांबलंय ते सांभाळून घ्या. माझे मामा, वय ५४, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. त्यांचा उजवा कान बरीच वर्षं वाहतो, त्रास झाला की थेंब घालायचे आणि सोडून द्यायचं, असंच चाललं होतं. सोमवारी थंडी वाजून ताप आला, डोकं फुटतंय म्हणाले, मामीला वाटलं ऊन लागलं, आपल्याकडचं ऊन माहितीच आहे तुम्हाला. मंगळवारी पहाटे असंबद्ध बडबडायला लागले, मामीलाच ओळखेनात, मान वाकवली की कण्हायचे. तसंच रिक्षात घालून हॉस्पिटलला आणलं, तिथून थेट आयसीयू. बॅक्टेरियल मेनिंजायटिस म्हणतायत, अँटिबायोटिक लगेच चालू केलं आणि पाठीतलं पाणी पण काढलं.

आता प्रश्न शुगरचा. आल्या आल्या बोटातून बघितली तर ३१२! मामांना आजपर्यंत डायबेटीस नाही, म्हणजे कुणी सांगितलेला नाही, तपासली कधीच नव्हती. इन्सुलिनचा पंप लावलाय. आणि त्याच वेळी डेक्सा म्हणून स्टिरॉईड चालू आहे, त्याने तर शुगर वाढते असं आमचे दाजी म्हणतात. मग एकीकडून वाढवायची आणि दुसरीकडून उतरवायची, हे काय चाललंय? दुसरं म्हणजे पाठीच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये शुगर ५८ आहे आणि बाजूला नॉर्मल ४० ते ७० छापलंय. दाजींनी वाचलंय की जंतूंच्या मेंदूज्वरात पाण्यातली शुगर उतरते, इथे तर नॉर्मल आहे, म्हणजे निदानच चुकलंय, पेशंट पुण्याला हलवू. घरात दोन तट पडलेत, मामी काहीच बोलत नाहीत. डॉक्टर भेटतात, पण भेटल्यावर नेमकं विचारायचं काय तेच सुचत नाही आम्हाला. मी उद्या सकाळी भेटणार आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर लई उपकार होतील.

शेंगाचटणी:
बापरे. मामा लवकर बरे होऊ देत. ते पाण्याच्या रिपोर्टमध्ये पेशी किती आणि प्रोटीन किती ते पण टाका, नुसत्या शुगरवरून कुणी काही सांगू शकणार नाही.

अक्कलकोट_रोड:
हो टाकतो. दिसायला गढूळ लिहिलंय. पेशी २४००, त्यात न्यूट्रोफिल ९२ टक्के. प्रोटीन २८०. शुगर ५८. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, पेंडिंग.

लॅबमधला:
दादा, मी गेली बरीच वर्षं सोलापुरात लॅबलाच आहे, बायोकेमिस्ट्रीत. तुमच्या दाजींना हे वाचून दाखवा, आणि त्यांना राग येईल असं बोलू नका, कारण त्यांनी वाचलंय ते खोटं नाहीये, फक्त अर्धं आहे.

पाठीच्या पाण्यातली शुगर स्वतःची स्वतः तयार होत नाही, ती रक्तातून येते. रक्ताची टाकी आणि पाण्याचा हौद समजा, टाकीत जेवढं असेल त्याच्या साधारण ६० टक्के हौदात दिसतं, आणि टाकी भरल्यावर हौदाची पातळी वर यायला काही तास जातात. म्हणून निरोगी माणसाची रक्तातली शुगर १०० असेल तर पाण्यात ६०च्या आसपास. रिपोर्टवर छापलेलं ४० ते ७० हे अशा माणसासाठी आहे, ज्याची रक्तातली शुगर नॉर्मल आहे. तुमच्या मामांची ३१२ होती! टाकी एवढी भरलेली असताना हौदात फक्त ५८? हे नॉर्मल नाही हो, हे खूपच कमी आहे. भागाकार करा, ५८ भागिले ३१२, साधारण ०.१९ येतं. ०.४ च्या खाली गेलं की जंतूंचा संशय घट्ट होतो. आता हे पण सांगतो की शुगर फार वर असली की हा भागाकार आपोआप थोडा उतरतोच, म्हणून डायबेटीसवाल्यांत किंवा अशी शुगर चढलेल्यांत ०.३ च्या आसपासची कडक रेघ धरतात. मामा त्या रेघेच्याही बरेच खाली आहेत. वर गढूळ पाणी, २४०० पेशी, ९२ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. यात निदान चुकल्याचं मला तरी काही दिसत नाही.

एक गोष्ट मात्र सकाळी नक्की विचारा. ३१२ हे बोटातलं, आल्या आल्याचं. पाणी काढलं त्याच्या जरा आधी हातातून रक्त घेऊन लॅबला शुगर पाठवली होती का, ती किती आली? भागाकार खरा त्या आकड्याने करायचा. आमच्याकडे कितीदा असं होतं की पाठीचं पाणी एकटंच येतं, सोबत रक्ताची बल्ब म्हणजे सॅम्पलची नळी नाही, मग आम्ही फोन करतो की जोडीचं रक्त पाठवा, तोवर इन्सुलिन चालू होऊन शुगर २०० वर आलेली असते आणि हिशोब बिघडतो. मला हे मनापासून लागतं, कारण पाण्याचं सॅम्पल परत परत काढता येत नाही. तसंच ते लगेच लावावं लागतं. पांढऱ्या पेशी आणि जंतू त्या ट्यूबमध्ये बसून शुगर खात राहतात, एप्रिल मेच्या उन्हात कुणी खिशात घालून शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आणलं की खोटी कमी शुगर येते. म्हणून शुगरसाठी राखाडी टोपणाची फ्लोराईडची बल्ब असते, त्यात हे खाणं थांबतं.

जुळे_सोलापूर_फिजिशियन:
वरचं लॅबवाल्यांनी फार नेमकं लिहिलंय. मी इथे कुणाची ट्रीटमेंट बदलायला सांगणार नाही, तुमचे डॉक्टर पेशंटजवळ आहेत, मी नाही. पण तुमचे प्रश्न रोज सगळेच नातेवाईक विचारतात म्हणून लिहितो.

शुगर का चढली? शरीरावर एवढा मोठा हल्ला झाला की अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन ही सगळी हार्मोन एकदम वाढतात, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि नवीन बनवतं पण, आणि सूज आणणारे जे रासायनिक पदार्थ असतात त्यांच्यामुळे स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. डायबेटीस नसलेल्या माणसातही हे होतं, याला स्ट्रेस हायपरग्लायसेमिया म्हणतात. मेंदूज्वरात आणखी एक भर, शुगरचं नियंत्रण करणारी मेंदूतली केंद्रंच सुजेच्या तावडीत असतात. नेदरलँडचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये आला होता, मोठ्या माणसांच्या जवळपास सातशे बॅक्टेरियल मेनिंजायटिसच्या केसेस, त्यात दाखल होताना तीनपैकी दोघांपेक्षा जास्त लोकांची शुगर वर होती आणि त्यातल्या बहुतेकांना आधी डायबेटीस नव्हता. म्हणजे मामांचं काही जगावेगळं झालेलं नाही. मात्र ३१२ हा आकडा निव्वळ ताणाचा म्हणून सोडून द्यावा इतका लहान पण नाही. ५४ वय, कधी तपासणी नाही, तर छुपा डायबेटीस असू शकतो. त्यासाठी एचबीएवनसी करतात, मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी कळते, आजच्या तापाने ती बदलत नाही. साडेसहा किंवा वर आली तर डायबेटीस आधीपासून होता. रक्त चढवायचं असेल तर त्याच्या आधी सॅम्पल घ्यायला सांगा, नाहीतर आकडा भरवशाचा राहत नाही.

स्टिरॉईडचं नंतर लिहितो, ओपीडी आहे.

हुरडापार्टी:
मी डॉक्टर नाही पण अनुभवाचं सांगतो, स्टिरॉईड बंद करायला सांगा आधी. आमच्या शेजारच्या काकांना गुडघ्यात स्टिरॉईडचं इंजेक्शन दिलं तर शुगर ४०० झाली होती. आणि कारल्याचा रस नळीतून देता येईल का विचारा, आमच्याकडे त्याने खूप फरक पडतो. इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही, हे लक्षात ठेवा.

रातपाळी_सिस्टर:
हुरडापार्टी दादा, तुम्ही काळजीने लिहिलंत हे कळतंय, पण कृपा करून नळीतून रस द्यायचं कुणी मनात आणू नका. मी आयसीयूत नाईट करते. शुद्ध नसलेल्या पेशंटच्या नळीतून किती मिली, किती वेळाने, डोक्याकडची बाजू किती वर ठेवून द्यायचं हे सगळं ठरलेलं असतं, आणि त्यावरच इन्सुलिनचा स्पीड ठरतो. नातेवाईक मायेपोटी लपून नारळपाणी नाहीतर ज्यूस देतात आणि पुढच्या तासाला शुगर एकदम वर, आम्ही इन्सुलिन वाढवतो, मग तो ज्यूस संपल्यावर शुगर धाडकन खाली. ते खाली येणं जास्त वाईट आहे हो. उलटी होऊन फुफ्फुसात गेलं तर निमोनिया वेगळाच.

इन्सुलिन सुटत नाही हे पण खरं नाही. पंपावरचे किती पेशंट मी बघितलेत, ताप उतरला, स्टिरॉईड थांबलं की युनिट कमी कमी होत जातात, पंप निघतो, मग त्वचेखालचं, मग तेही बंद. ज्यांना आधीपासून डायबेटीस आहे त्यांना पुढे काहीतरी लागतं, ते त्या आजारामुळे, इन्सुलिनची सवय लागली म्हणून नाही.

अक्कलकोट_रोड दादा, तुम्ही आत गेल्यावर दिसेल की दर तासाला बोट टोचतायत. मामींना सांगून ठेवा की पंप चालू असताना हे लागतंच, नाहीतर बघवत नाही घरच्यांना. आणि ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हाताचं बोट टोचलं, त्यात ग्लुकोजचं सलाईन असेल, तर आकडा चुकीचा येऊ शकतो, म्हणून आम्ही दुसरा हात घेतो. बीपी खूप उतरलेलं असेल, हातपाय गार असतील तर बोटातल्या आकड्यावर विसंबत नाही, रक्त लॅबला पाठवतो.

अक्कलकोट_रोड:
सिस्टर, लॅबवाले दादा, डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू. सकाळी भेटलो. पाणी काढायच्या आधी रक्त घेतलं होतं, लॅबची शुगर २९६. म्हणजे ५८ भागिले २९६, ०.२ च्या आत. दाजींना स्वतः कॅल्क्युलेटर दिला. ते शांत झाले, पुण्याचं नाव आता काढत नाहीयेत. स्टिरॉईडचं मात्र अजून त्यांच्या गळी उतरत नाही.

जुळे_सोलापूर_फिजिशियन:
आता स्टिरॉईड. अँटिबायोटिकने जंतू फुटतात तेव्हा त्यांच्या कवचाचे तुकडे त्या पाण्यात पसरतात आणि सूज आणखी भडकते. कानाची नस, मेंदूच्या रक्तवाहिन्या, यांचं नुकसान बरंचसं त्या सुजेने होतं. म्हणून डेक्सामेथासोन अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या जरा आधी किंवा सोबत सुरू करतात, दर सहा तासांनी, चार दिवस. २००२ मध्ये युरोपातला ३०१ मोठ्या पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्टिरॉईड न मिळालेल्यांत मृत्यू १५ टक्के आणि मिळालेल्यांत ७ टक्के. फायदा सगळ्यात जास्त न्यूमोकोकस या जंतूच्या केसेसमध्ये दिसला, आणि वाहणारा कान असलेल्या ५४ वर्षांच्या माणसात आधी त्याच जंतूचा संशय येतो. आता तराजूत ठेवा. शुगर वाढली तर ती उतरवायला माझ्याकडे इन्सुलिन आहे, तासातासाला मोजता येतं. गेलेलं ऐकू येणं परत आणायला माझ्याकडे काही नाही. म्हणून शुगर चढते हे माहीत असून स्टिरॉईड देतो आणि सोबत इन्सुलिन चालवतो. गुडघ्यातल्या इंजेक्शनशी याची तुलना करता येत नाही.

शुगर किती आणायची यावर पण गैरसमज असतात, लोक म्हणतात ११० ला का आणत नाही. एकेकाळी डॉक्टरांनाही तसं वाटायचं, २००१ मध्ये बेल्जियमच्या एका आयसीयूत, सर्जरीनंतरच्या पेशंटमध्ये, एकदम कडक कंट्रोलने फायदा दिसला होता. मग २००९ मध्ये नाइस शुगर नावाची सहा हजारांवर पेशंटची ट्रायल आली, त्यात ८१ ते १०८ मध्ये ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले आणि शुगर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण कितीतरी जास्त. तेव्हापासून १८० ओलांडली की इन्सुलिन आणि १४० ते १८० मध्ये ठेवणं, ही पद्धत बसली. ३०० ला सोडून देणंही चालत नाही, तेवढ्या शुगरला पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि लघवीवाटे अंगातलं पाणी निघून जातं.

पूर्वभाग:
खाली जाण्याचं वर दोघांनी लिहिलं म्हणून लिहितो. माझ्या सासऱ्यांना मेंदूज्वर झाला होता, डायबेटीस जुना. ते सुधारत होते, बोलायला लागले होते, आणि एका रात्री एकदम घाम फुटला, मग फिट आली. आम्हाला वाटलं आजार उलटला, डोक्यात पू झाला, सगळे रडायला लागले. ड्युटीवरच्या सिस्टरने पहिल्यांदा काय केलं तर बोट टोचलं. ४१! शिरेतून ग्लुकोज दिलं आणि बघता बघता माणूस भानावर. कारण काय तर संध्याकाळी उलटी झाली म्हणून नळीतलं फीड थांबवलेलं होतं आणि स्टिरॉईडचे चार दिवस पण त्याच दिवशी संपले होते, इन्सुलिनची गरज एकदम उतरली. दुसऱ्या दिवशीपासून डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला. तर जिथे बसलाय तिथे एवढं लक्ष ठेवा, फीड बंद केलं किंवा स्टिरॉईड संपलं की सिस्टरला आदराने विचारायचं, मॅडम इन्सुलिनचं काय? त्या कुणी रागवत नाहीत.

रातपाळी_सिस्टर:
उलट बरं वाटतं कुणी असं विचारलं की. आणि तुमच्या सासऱ्यांच्या वेळी ज्या सिस्टर होत्या त्यांना माझा नमस्कार, मेंदूज्वराच्या पेशंटला झटका आला की सगळ्यांचं डोकं मेंदूकडेच जातं, बोट टोचायचं आठवावं लागतं.

कडबाकुट्टी:
माझी आई डायबेटीसची आहे, वीस वर्षं, मेटफॉर्मिन आणि ती लघवीवाटे साखर काढणारी गोळी, डापा काहीतरी. मागच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास तिला असाच ताप डोक्यात गेला होता. दाखल केल्यावर दोन्ही गोळ्या बंद केल्या, आम्ही घाबरलो की शुगर ३५० असताना गोळ्या बंद कशा करतात. कुणी सांगेल का ते बरोबर होतं का? आता ती ठीक आहे, पण मनात राहिलंय.

जुळे_सोलापूर_फिजिशियन:
अगदी बरोबर होतं, मनातून काढून टाका. एवढ्या इन्फेक्शनमध्ये बीपी, किडनी डळमळीत असते, मेटफॉर्मिनने रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड साठू शकतं. आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीने उपाशी, आजारी माणसात किटोन वाढतात, तेही कधीकधी शुगर फार वर न दिसता, त्यामुळे लक्षातच येत नाही. म्हणून दोन्ही थांबवून इन्सुलिन. बऱ्याच घरांत उलटं होतं, ताप आलाय, जेवण नाही, तरी डापा चालूच असते. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा की आजारपणात कधी थांबवायची. वयस्कर आणि डायबेटीसच्या पेशंटमध्ये लिस्टेरिया नावाचा जंतू पण धरावा लागतो, त्याच्यावर नेहमीचं अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन चालत नाही, म्हणून त्यांना अँपिसिलीन जास्तीचं लावतात. बिलात असं आणखी एक अँटिबायोटिक दिसलं तर ते त्यासाठी असतं.

बाळे_वेस:
एक विचारू का, विषय थोडा बाजूचा आहे. माझ्या भाच्याच्या वेळी पाठीतलं पाणी काढायला घरच्यांनी सही दिली नाही, पाय जातात म्हणून. नंतर डॉक्टरांनी अंदाजानेच औषध दिलं. खरंच पाय जातात का?

लॅबमधला:
नाही ओ. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो, सुई त्याच्या दोन मणके खाली घालतात, तिथे नुसत्या सुट्या नसा पाण्यात तरंगत असतात. डोकं दुखू शकतं एक दोन दिवस, कंबर दुखते. मेंदूत गाठ किंवा प्रेशर वाढल्याचा संशय असेल, झटके येत असतील, शुद्ध फारच हरपली असेल तर आधी सीटी करतात, पण तेव्हाही अँटिबायोटिकसाठी थांबत नाहीत. आणि सही न दिल्याने काय होतं ते आमच्या टेबलावर दिसतं. जंतू कुठला ते कळत नाही, मग दोन तीन औषधं जास्त दिवस चालवायची. शुगर चढलेल्या पेशंटमध्ये तर ते पाणी मिळालंच पाहिजे. शक्य असेल तर त्या पाण्यातलं लॅक्टेट पण करायला सांगतात काही डॉक्टर, त्याच्यावर रक्तातल्या शुगरचा परिणाम होत नाही, ३.५ च्या वर गेलं की जंतूंच्या बाजूने वजन पडतं. अँटिबायोटिकचे डोस होऊन गेले असतील तर मात्र तेही उतरतं.

विजापूर_वेस:
टीबीच्या मेंदूज्वरात पण पाण्यातली शुगर कमी येते ना? माझी चुलत बहीण सिव्हिलला आहे, तिला टीबीचा सांगितलाय, स्टिरॉईड तिला पण आहे आणि शुगर रोज बघतात.

जुळे_सोलापूर_फिजिशियन:
हो, तिथेही कमी येते. पण पेशी साधारण काहीशे असतात आणि बहुतेक लिंफोसाइट, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आजार आठवडा दोन आठवडे हळूहळू वाढत आलेला असतो. तिथे स्टिरॉईड चार दिवसांचं नसतं, सहा ते आठ आठवडे कमी कमी करत देतात, म्हणून घरी गेल्यावरही शुगर तपासत राहायला लागेल, विशेषतः दुपारच्या जेवणानंतरची आणि संध्याकाळची, सकाळची उपाशीपोटीची नॉर्मल येऊन फसवते. स्टिरॉईड स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका, तेवढं बहिणीला सांगा.

शेंगाचटणी:
अक्कलकोट_रोड दादा काही बातमी?

अक्कलकोट_रोड:
आहे, चांगली आहे. मामा डोळे उघडून बोलतायत! काल मामीला म्हणाले कारखान्यात फोन केलास का. कल्चरला न्यूमोकोकस आला, डॉक्टर म्हणाले तसंच. एचबीएवनसी ५.९. स्टिरॉईड संपलं, पंप निघाला, आज दिवसभर १३० ते १६० आहे, फक्त गरज पडली तर थोडं इन्सुलिन देतात. अँटिबायोटिक अजून चालू, एकूण दोन आठवडे म्हणालेत.

प्रश्न दोन आहेत. एक, मामी विचारतायत की घरात दोन लहान नाती आहेत, त्यांना औषध द्यायला लागेल का? आणि दुसरं, ५.९ म्हणजे डायबेटीस आहे की नाही? डिस्चार्जच्या कागदावर काय काय लिहून घ्यायचं ते पण सांगा.

जुळे_सोलापूर_फिजिशियन:
वाचून खरंच आनंद झाला.

नातींना औषधाची गरज नाही. न्यूमोकोकसमध्ये घरच्यांना प्रतिबंधक औषध देत नाहीत, ते मेनिंगोकोकस या दुसऱ्या जंतूसाठी असतं. लहान मुलांना पीसीव्ही म्हणजे न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात देशभर २०२१ पासून आहे, नातींची झालीय का कार्ड बघा.

५.९ म्हणजे डायबेटीस नाही, पण ५.७ ते ६.४ हा मधला पट्टा आहे, त्यात बसतात. म्हणजे जमीन थोडी तयार होती, त्यावर इन्फेक्शन आणि स्टिरॉईडचा भार आला आणि ३१२ झाली. आत्ता डायबेटीसचा शिक्का मारू नका आणि गोळ्या पण स्वतःहून सुरू करू नका. दीड ते तीन महिन्यांनी, पूर्ण बरे झाल्यावर, उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी तपासणी करा, आणि नंतर दरवर्षी. अशा माणसांना पुढच्या काही वर्षांत डायबेटीस होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे मामांना घाबरवायला नाही तर तपासणी टळू नये म्हणून सांगतो.

आणि कान! शुगरच्या गडबडीत हे राहून जातं, मला त्याची फार काळजी वाटते. जंतू बहुधा त्या वाहत्या कानातूनच आत गेलाय. कानामागच्या हाडाचा सीटी आणि कान नाक घसा डॉक्टर दाखवल्याशिवाय घरी नेऊ नका, कानाचा पडदा, हाड दुरुस्त केलं नाही तर हे परत होऊ शकतं. दोन्ही कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, चार आठवड्यांच्या आत करा. न्यूमोकोकसच्या मेंदूज्वरानंतर आतल्या कानात हाड वाढतं, बहिरेपण आलंच असेल आणि कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात ऐकण्याचं यंत्र बसवायची वेळ आली तर ते वाढायच्या आधी करायला लागतं. न्यूमोकोकसची लस मामांनाही द्यायची का, कधी, ते तुमच्या डॉक्टरांशी बोला.

अक्कलकोट_रोड:
मामा डाव्या बाजूने बोललं तर ऐकतात, उजवीकडून नाही, आम्हाला वाटलं जुनाच त्रास. आजच कानाच्या डॉक्टरांचा रेफरन्स मागतो. घरी ग्लुकोमीटर घेऊ का?

रातपाळी_सिस्टर:
घ्या, पण दिवसभर टोचत बसू नका. पहिले दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि एका जेवणानंतर दोन तासांनी, वहीत लिहून ठेवा. ७० च्या खाली किंवा २५० च्या वर आली तर फोन करा. स्ट्रिपच्या डब्याचं झाकण घट्ट लावा आणि उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्या उन्हात पट्ट्या खराब होतात आणि आकडे चुकतात. भाकरी, डाळ, भाजी नेहमीसारखी द्या, अशक्तपणा आलाय म्हणून सरबत, ग्लुकोज पावडर देऊ नका. परत ताप, डोकेदुखी, उलटी, नाहीतर कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं पातळ काही यायला लागलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्रीच घेऊन या.

अक्कलकोट_रोड:
लिहून घेतलं सगळं. कानाच्या डॉक्टरांची व्हिजिट संध्याकाळी पाचला आहे, सीटीची सीडी घेऊन मी थांबतोय.